बर्फावर गाय नाही

घाई करू नका, हे स्वीडिश माणूस सरळ सांगत नाही. तो म्हणतो, ‘बर्फावर गाय नाही.’ मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उपसाला नावाच्या गावात एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. खिडकीबाहेर खरोखरच बर्फ होता, त्यामुळे मी मान वर करून बघितलं. गाय नव्हती. स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. माझ्या कामाची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी त्या बटाट्यांपाशी जाते.

कारीन नावाच्या सहकारणीने मला अर्थ समजावला. पूर्वी हिवाळ्यात तळं गोठलं की गुरं त्यावर जायची. बर्फ तडकला की गाय आत, आणि सगळ्या गावाची धावपळ. पण गाय अजून काठावर असेल तर कशाला जीव काढायचा? बस, कॉफी घे. कारीन देशाच्या उत्तर भागातली. तिकडची माणसं पुष्कळदा ‘हो’ म्हणतच नाहीत, ओठांचा चंबू करून हवा आत ओढतात. ‘शुप्’ असा काहीतरी आवाज होतो आणि तेच त्यांचं हो. सुरुवातीला मी तिला दमा आहे असं समजून तिच्या वाटणीची जड भांडी उचलत होते. तिनेही मला बरेच दिवस उचलू दिली.

माझा नवरा प्रसाद वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यांत इंजिनिअर. त्याच्या नोकरीमागे आम्ही आधी स्वीडनला गेलो आणि मग आयर्लंडमध्ये शॅननला आलो. पुण्यात इंग्रजी घेऊन एम. ए. केलेली मी, स्वीडिश शिकले स्वयंपाकघरात, आणि पोटापाण्याचा धंदा सापडला तो विमानतळाशेजारच्या या छोट्या गावात. स्वीडिश मालिकांना इंग्रजी सबटायटल्स देणं, हे माझं काम.

शेजारच्या लिमरिक शहरात आमची मराठी मंडळी जमली की ओळखपरेड फार चालत नाही. अर्धे डॉक्टर, उरलेले औषधांच्या नाहीतर चिपच्या कारखान्यात. माझी पाळी आली की मात्र गाडी अडते.

“म्हणजे यात मराठी कुठे येतं?”

“कुठेच नाही.”

“बरं, आणि आता तर ते मशीनच करतं ना सगळं?”

करतं की. मशीनला ‘पोटात कावळे ओरडतायत’ हे वाक्य द्या. एक तर ते पोटात खरे कावळे घालील आणि ऐकणारा रुग्णवाहिका बोलवेल, नाहीतर ‘मला भूक लागली आहे’ असं करून सगळे कावळे उडवून लावील. कावळे न उडवता भूक पोचवायची, हे माझं काम. तेही पडद्याच्या तळाशी दोन छोट्या ओळींत, पात्राचं तोंड मिटायच्या आत. पुस्तकात निदान तळटीप देता येते. टीव्हीवर तळाशी मीच असते, माझ्याखाली टीप कुठे देणार?

आणि स्वीडिश भाषा म्हणजे नुसतं प्राणिसंग्रहालय आणि किराणा आहे हो! काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं तर ते म्हणतात, दलदलीत घुबडं असावीत. एखाद्याला सगळं आयतं मिळालं तर तो कोळंबीच्या सँडविचवर बसून घसरत आत आला. कुणी मर्यादा ओलांडली तर त्याने निळ्या कपाटात घाण करून ठेवली. का निळ्या, ते विचारायचं नाही. मी विचारलं होतं. कुणालाच माहीत नाही.

दोन हजार वीसचा हिवाळा तोंडावर होता. प्रसादचा कारखाना चालू होता, बाकी सगळं बंद. आमच्या डोक्यावरून दिवसभर जाणारी विमानं गायब झाली होती आणि त्या शांततेने कान दुखायचे. अशात डब्लिनहून फिओनाचा फोन आला. सबटायटल्स करून देणाऱ्या एका कंपनीत ती संपादक. तोवर ती मला माहितीपट द्यायची, पूल कसे बांधतात, अस्वलं कशी झोपतात वगैरे. पूल आणि अस्वलं विनोद करत नाहीत, म्हणून ते काम माझ्याकडे यायचं. आमच्या धंद्यात नियमच आहे की भाषांतर स्वतःच्या मातृभाषेत करावं. मी स्वीडिशमधून इंग्रजीत करते. म्हणजे दोन्ही घरं परक्याची, आणि मी मधल्या कुंपणावर.

“एक विनोदी मालिका आहे,” फिओना म्हणाली. “आमचा नेहमीचा माणूस दुसरीकडे गेलाय. तू बघतेस का? पण आधी नुसते दोन भाग, नमुना म्हणून.”

तिने मालिकेचं नाव सांगितलं आणि पुढचं ऐकायच्या आत मी हो म्हणाले. कारण नुसतं नाव ऐकून मला कळलं होतं की ही कुठली मालिका.

मालिका उत्तर स्वीडनमधल्या एका खेड्यातल्या किराणा दुकानाची. दुकानदार बेर्टिल, पोट सुटलेला, शांत. दुकानात रोज कुणीतरी धापा टाकत येतं, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाचं छप्पर कोसळलेलं, आणि बेर्टिल प्रत्येकाला तेच म्हणतो, ‘इंगेन कू पो ईसेन.’ बर्फावर गाय नाही. भागामागून भाग तो हेच म्हणतो. आणि शेवटच्या भागात खरोखरची गाय खरोखरच्या बर्फावर जाते, आणि उभ्या मालिकेत कधी खुर्चीतून न उठलेला बेर्टिल पळत सुटतो. पोट सावरत, पायातल्या सपाता उडवत. उपसालाला मी आणि कारीन ते बघताना हसत हसत रडलो होतो.

ही मालिका लिहिणारी इंगर. सत्तरी ओलांडलेली, उत्तरेतच राहणारी, कमी बोलणारी. पूर्वी एकदा कुणीतरी या मालिकेची सबटायटल्स केली होती आणि गाईच्या जागी सगळीकडे ‘काळजी करू नका’ असं घालून टाकलं होतं. झालं, शेवटच्या प्रसंगात एक म्हातारा काही कारण नसताना गाईमागे धावला, आणि प्रेक्षकांना वाटलं ही मालिका पशुप्रेमावर आहे. इंगरने तेव्हापासून इंग्रजीचं नाव टाकलं होतं. आता एका वाहिनीने पुन्हा विचारलं, तर तिची अट एकच, गाय राहिली पाहिजे.

“आणि आमची अट अशी,” फिओना म्हणाली, “की गाय कळली पाहिजे. नमुन्याचे भाग आम्ही काही लोकांना घरबसल्या दाखवणार. ते गोंधळले तर गाय जाईल. गाय गेली तर इंगर जाईल. आणि इंगर गेली तर, म्हणजे, तुला ठाऊकच आहे...”

तिने वाक्य पुरं केलं नाही. आयरिश माणूस वाईट वाक्य पुरं करत नाही. हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. पण मी इतकी हरखले होते! इतकी वर्षं नवऱ्याच्या बदल्यांमागे सामान बांधत फिरल्यावर पहिल्यांदा असं काम समोर आलं होतं जे फक्त माझं होतं. ही मालिका मिळाली तर मी भाषांतरकार. नाही मिळाली तर परत अस्वलं.

प्रसाद म्हणाला, “अगं, पण कळतंय की नाही हे तुला कसं कळणार? मला तर स्वीडिश येतं. मला विचारून उपयोग नाही.”

हाच तर प्रश्न होता. मला कोरं माणूस हवं होतं, इंग्रजीत जन्मलेलं, स्वीडनशी काही देणंघेणं नसलेलं. आणि पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. मग मला मागच्या अंगणातली भिंत आठवली.

भिंतीपलीकडे नोरा राहायची. आमच्याच क्लेअर परगण्याच्या पश्चिमेकडच्या खेड्यातून लग्न होऊन शॅननला आलेली, नवरा विमानतळावर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा डेक्लन बॉस्टनला. सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये असा सरकारी सल्ला होता, त्यात तिचा खुबा दुखायचा, त्यामुळे सकाळी काठी टेकत भिंतीपर्यंत येणं हाच तिचा प्रवास. मी अलीकडे दोन हात लांब उभी राहून तिला एकेक ओळ वाचून दाखवायची आणि विचारायची, “कसं वाटतं?”

नोरा हसायची. छान, मोकळं, ‘हा हा’ असं. “ओ, दॅट्स गॅस!” म्हणायची. गॅस म्हणजे इथे धमाल. नाहीतर, “दॅट्स ग्रँड, लव्ह.”

काय सांगू, मी तरंगत घरात यायचे! घुबडं वाचली, गॅस. कोळंबी वाचली, ग्रँड. निळ्या कपाटावर ती एवढंच म्हणाली की कपाटाला आम्ही प्रेस म्हणतो, बाकी ग्रँड. गाय वाचली, तर “द क्रेचर!” म्हणून तिने गाईबद्दल हळहळही व्यक्त केली. एका आठवड्यात माझा पहिला भाग पार झाला. पावसात छत्री धरून वाचन, वाऱ्यात कागद दाबून वाचन. प्रसाद म्हणायचा, तुझं कीर्तन सुरू झालं का.

एक जागा मात्र मी हरले, तेही इथेच सांगते. दुकानातली एक चिमुरडी बेर्टिलला कोडं घालते, ‘फोर फोर फोर? नेय, फोर फोर लाम.’ मेंढीला मेंढी होते का? नाही, मेंढीला कोकरू होतं. स्वीडिशमध्ये मेंढी आणि होणं यांचा उच्चार एकच, आणि ते लेकरू ते अशा चवीने म्हणतं की आपलेही गाल फुगावेत. इंग्रजीत त्याची राख झाली. मी चार दिवस डोकं आपटलं आणि शेवटी तिथे साधं काहीतरी घालून दोन मिनिटांनंतर, जिथे मूळ लेखिकेने काहीच केलेलं नव्हतं, तिथे एक स्वतःची कोटी पेरली. आम्ही असं करतो. इथे सांडलेलं तिथे भरून काढायचं, म्हणजे भाग एकूण तेवढाच हसरा राहतो. पण ती चिमुरडी अजूनही माझ्याकडे बघते असं वाटतं.

दुसऱ्या भागात एक अंत्यविधी आहे. बेर्टिलच्या जुन्या गिऱ्हाईकाचा. त्यात विनोद काही नाही. बायको शवपेटीजवळ उभी राहून म्हणते, ‘तो रोज दूध घ्यायला जायचा. आता दुधाचं काय करू?’ एवढंच. मला फक्त वाक्य कानाला नीट लागतंय का बघायचं होतं. सकाळी भिंतीशी गेले आणि नेहमीसारखं वाचलं.

नोरा हसली. “हा हा! ओ, दॅट्स गॅस!”

मी तशीच उभी राहिले. कागद छातीशी घट्ट धरला. नोराला वाटलं मला थंडी वाजतेय.

“इट्स ग्रँड, लव्ह,” ती आणखी जोरात म्हणाली. “तू फार हुशार आहेस. जा, आत जा, गारठशील.”

घरात येऊन मी प्रसादला सांगितलं. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला, आणि मी इतकी चिडले की तो पुसायला फडकंही दिलं नाही.

“अगं, ती तुझं मन राखत होती. पावसात उभं राहून कुणी बाई रोज काहीतरी वाचतेय, बिचारीने काय करावं?”

“मग सांगायचं ना, नाही जमलं म्हणून!”

“हे पुणं आहे का? आपल्याकडे बेल वाजवून सांगतील, तुमचा विनोद पाचकळ आहे, आणि परत दुपारी बेल वाजवू नका. इथे तोंडावर वाईट बोलायची पद्धतच नाही. ग्रँड म्हणजे त्यांच्याकडे नुसतं ‘बरंय’. तुला ते भव्य वाटलं.”

पुणेरी माणसाचीच ही चूक. आम्हाला कुणी चांगलं म्हटलं तर ते खरंच असलं पाहिजे, कारण आम्ही स्वतः उगाच कुणाला चांगलं म्हणत नाही. नोराच्या हसण्यावर भरवसा ठेवून मी पहिला भाग फिओनाला पाठवूनही बसले होते. माझा काटाच खोटा होता, आणि त्यावर मी सगळा माल तोलला होता. फिओनाला फोन केला, की भाग परत द्या, मला बदल करायचेत. ती म्हणाली, “ग्रँड.” त्या शब्दावर आता माझा विश्वास उरला नव्हता.

तिने शुक्रवारपर्यंत मुदत दिली. मी पहिली गाय पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मला लख्ख दिसत होतं की कुणीही गोंधळेल. धापा टाकत गिऱ्हाईक येतं, बेर्टिल म्हणतो, ‘बर्फावर गाय नाही.’ बरं, मग? कोण म्हणालं होतं आहे म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी भिंतीशी गेले ती वाचायला नव्हे. नोराचं औषध आणून ठेवलं होतं, ते द्यायला. मी घाईत होते. पिशवी भिंतीवर ठेवली, ती कलंडली, ती पकडायला गेले तर माझा फोन चिखलात पडला, तो उचलताना चष्मा. नोरा शांतपणे काठीवर रेलून हे बघत होती.

“घराला आग लागलीय का?” तिने विचारलं. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाली, “नाही लागली. मग उभी राहा जराशी.”

मी चिखलात गुडघ्यावर होते तशीच थांबले. बेर्टिल! बेर्टिल माझ्यासमोर काठी टेकून उभा होता! हाच सूर, हाच निवांतपणा, हीच समोरच्याची फिरकी घेण्याची तऱ्हा. आयर्लंडमधले जुने लोक नुसतं हो किंवा नाही म्हणत नाहीत. पाऊस आहे का? आहे. आला का तो? नाही आला. आपणही तर असंच बोलतो, जेवलास का तर जेवलो. इतके दिवस मी या बाईकडून शेरा मागत होते, आणि तिचं बोलणं माझ्या कानांवरून वाहून जात होतं.

मी धावत आत गेले. चष्म्याला चिखल तसाच. पहिल्या गाईच्या जागी लिहिलं, ‘बर्फावर गाय आहे का? नाही आहे. मग बस.’ इंग्रजीत ते दोन ओळींत चपखल मावलं. गिऱ्हाईक धापा टाकतंय, बेर्टिल विचारतो, स्वतःच उत्तर देतो, खुर्ची पुढे सरकवतो. गाय काय, बर्फ काय, काही समजवायला नको. पुढच्या खेपेला नुसता प्रश्न पुरे, त्यापुढे नुसतं ‘नाही आहे’. शेवटच्या भागात जेव्हा ती गाय खरंच बर्फावर उभी राहील तेव्हा बेर्टिलला काय म्हणावं लागेल हे मला त्याच क्षणी दिसलं, आणि मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर भिंतीशी मी एकही ओळ वाचली नाही. मी फक्त प्रसंग सांगायचे. “नोरा, एक दुकानदार आहे, त्याच्या मेव्हण्याने त्याला न विचारता दुकानाला हिरवा रंग दिला. तुझ्या गावात तो काय म्हणाला असता?” आणि नोरा जी सुटायची! तिचे काका, तिच्या गावचा पाद्री, दोन बायकांना एकाच दिवशी भेटायला बोलावणारा कुणी ‘युअर मॅन’, म्हणजे आपला तो अमका. मी त्यांचे शब्द उचलले नाहीत. स्वीडिश खेडं क्लेअरचं करून टाकलं असतं तर इंगरने मला बर्फावर सोडलं असतं. घुबडं घुबडंच राहिली, कपाट निळंच राहिलं. मी फक्त दम कुठे घ्यायचा, टोला कुठे द्यायचा, हे तिच्याकडून घेतलं. आणि मेव्हण्याच्या गोष्टीत मी सहज म्हणाले की स्वीडनमध्ये याला निळ्या प्रेसमध्ये घाण करणं म्हणतात, तेव्हा नोरा खरी हसली. आवाजच नाही. तिने भिंत धरली, खांदे गदगदा हलायला लागले, चष्मा काढून डोळे पुसले. ‘हा हा’ नाही आणि ‘गॅस’ नाही. तेव्हा मला कळलं की खरा काटा कसा दिसतो.

शुक्रवारी भाग गेले. मग वाट बघणं. रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. पलीकडे नोरा अंगणात खुर्ची टाकून फोनवर डेक्लनशी बोलत होती. दर रविवारी बोलायची, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं.

“नाही रे, लव्ह, येऊ नकोस इतक्यात,” ती म्हणत होती. “सावकाश ये. बर्फावर गाय नाही.”

माझ्या हातातून चिमटे पडले. मी चादर तशीच टाकून घरात पळाले. “प्रसाद! नोरा गाय बोलली! आपण होऊन! मी विचारलं नाही, वाचलं नाही, तिने वापरली रे!” प्रसाद रविवार असूनही ऑनलाइन मीटिंगमध्ये होता, त्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. पण मला त्याचं काय! माझी गाय उत्तर स्वीडनहून निघून शॅननच्या अंगणात पोचली होती आणि आता बॉस्टनला गेली होती. आनंदात मी पुरणपोळी करायला घेतली, जी मला धड येत नाही.

डब्लिनच्या प्रेक्षकांचा कौल आला तेव्हा फिओनाने चक्क वाक्य पुरं केलं. “गाय सगळ्यांना कळली. एकजण तर म्हणाला आमच्याकडेही असंच म्हणतात, जे खोटं आहे.” आता राहिली इंगर. तिच्याशी व्हिडिओवर बैठक ठरली. पडद्यावर एक राखाडी केसांची बाई, मागे लाकडी भिंत, खिडकीत बर्फ. तिने दोन्ही भाग बघितले होते. फिओनाने नमस्कार-चमत्कार केले, हवापाणी विचारलं. इंगर गप्प. फिओना अस्वस्थ झाली. आयरिश माणसाला शांतता सोसत नाही. मी स्वीडिशमध्ये विचारलं, “गाय नीट आलीये का?”

इंगरने माझ्याकडे बघितलं. मग तिने ओठांचा चंबू केला आणि जोरात हवा आत ओढली. शुप्!

फिओना दचकलीच. “ओ गॉड, त्यांना बरं नाही का? हे बघा, आपण बदलू शकतो! गाय काढून...”

“फिओना!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी संपादकावर ओरडले. “काही बदलायचं नाही! त्या हो म्हणाल्या!”

“कधी?”

“आत्ता!”

इंगरने पुन्हा एकदा शुप् केलं, या वेळी फिओनाकडे बघून, आणि मला वाटतं थोडं मुद्दाम. कारीन, तुझी भांडी उचलली ती वाया गेली नाहीत.

मालिका मला मिळाली. ती पूर्ण करता करता उन्हाळा आला, लशी आल्या, विमानं परत डोक्यावरून जायला लागली. एका दुपारी भिंतीपलीकडे एक उंच, टक्कल पडायला लागलेला माणूस गवत कापताना दिसला.

“तुम्हीच का त्या गाईवाल्या?” त्याने मशीन बंद करून विचारलं. तो डेक्लन होता.

मी अभिमानाने म्हणाले, “हो, मीच! कळली ना तुम्हाला? फोनवर, त्या दिवशी?”

“गाय?” तो म्हणाला. “छे हो. गाय काय प्रकार आहे हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं.” त्याने घराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. “गेली वीसेक वर्षं दर रविवारी आई मला एकच विचारते, कधी येतोस. रागावते, टोमणे मारते, फोन आपटते. आणि त्या दिवशी म्हणाली, सावकाश ये. जन्मात कधी तिने मला सावकाश ये म्हटलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि लस कुठे मिळते ते शोधायला लागलो. विमान मिळालं त्या दिवशी निघालो. येऊन बघतो तर तिला जिनाही चढता येत नव्हता, खाली कोचावर झोपत होती.”

मी भिंत धरली. त्या रविवारी मी चादर टाकून नाचत घरात पळाले होते. माझं वाक्य पास झालं म्हणून. ते वाक्य नोराने कशासाठी वापरलं होतं, इकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्या विनोदांना जशी ती हसायची, अगदी तसंच तिने मुलाला सांगितलं होतं. सगळं ग्रँड आहे. फक्त तो तिचा मुलगा होता, त्याला ते हसणं ओळखू आलं.

मला रडू यायला लागलं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नोराचा खणखणीत आवाज आला. “डेक्लन! चहा गार होतोय! किती वेळ लावतोस!”

डेक्लन माझ्याकडे बघून हसला, आणि मान वळवून ओरडला, “बर्फावर गाय आहे का, आई?”

“आहे!” नोरा ओरडली.

ती काठी टेकत दारात आली होती. तिने चौकट धरली होती, आणि तिचे खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.